शेजारी बसलेल्याची कोपरखळी

अप्पा, तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली आणि आज तुमच्याशी भांडायला बसलोय. म्हैसूरच्या अग्रहारातलं आपलं स्वयंपाकघर. रविवार आहे, तुम्ही विळीवर बीन्स चिरताय. आत्या काहीतरी बोलली म्हणून मी ताट सरकवून उठलोय. तुम्ही मान वर न करता म्हणता, “सुम्ने, गप बस रे. ती बोलली ते काय होतं? आधी नाव सांग, मग उत्तर दे.” बारा वर्षांच्या पोराला कसलं नाव सुचणार! मग तुम्हीच सांगत बसता. शालजोडीतला म्हणजे शालीत गुंडाळून मारलेला जोडा, मार बसतो पण जोडा दिसत नाही. चिमट्याला दोन बोटं पुरतात. टोमणा कुठून आला ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं, “पण लागतो बघ,” म्हणालात. आणि कोपरखळी लांबच्याला मारताच येत नाही. कोपर पोचायला माणूस शेजारी बसलेला लागतो.

मी काही शिकलो नाही. कॉलेज तोंडापायीच सुटलं. सरांना उलट बोललो, माफी मागितली नाही. नंतर ती भेटली. हेब्बाळला कंपनीत आहे, घरचे नाशिकहून आलेले. माझं अर्धं कन्नड मराठी ऐकून हसायची. तिचं हसणं मला चालायचं, फक्त तिचंच.

उगादीला, त्यांच्या पाडव्याला, तिच्याकडे जेवायला गेलो. पाहुणे होते, तरी काकांनी, तिच्या बाबांनी, मला आपल्या बाजूला बसवलं, पोळी वाढली. “कॉलेज अर्ध्यात सोडलंस, पोळी तरी पुरी संपव रे बाबा!”

मी म्हणालो, “काका, वीस वर्षं म्हैसुरात राहून तुम्ही एकच वाक्य पुरं शिकलात. ‘कन्नड गोत्तिल्ला.’ कन्नड येत नाही!”

पाहुणे खो खो हसले. काकांनी हातातली दुसरी पोळी डब्यात परत ठेवली.

फाटकापर्यंत ती आली. “बाबा परक्याशी असं बोलत नाहीत. कळलं नाही तुला?”

“नाही कळलं गं. मी चेष्टा केली.”

“जा तू.”

चार महिने झाले, फोन उचलत नाही. काकांची माफी मागायला दोनदा गेलो, दार तिच्या आईनेच लावून घेतलं. आता काही व्हायचं नाही, मला कळतं.

हे पत्र कुठे टाकणार? तिला सांगितलं की कळलं नाही. तुम्हाला खरं सांगतो. काका बोलले तेव्हाच मला नाव आठवलं होतं. पण माझं वाक्य तयार होतं, अप्पा, आणि ते फार चांगलं होतं.