रॅमची दुसरी पट्टी

सोमवार, ४ मार्च
घरचा कॉम्प्युटर शनिवारी भंगारात, हा बाबांचा निकाल. अपील माझ्याकडे. नवी ऑपरेटिंग सिस्टीम पेलेल असं आत काही आहे का, ते तपासून मी लिहून द्यायचं. अकरा वर्षांचं यंत्र! उत्तर माहीत आहे, पण न तपासता सही करणार नाही.

मंगळवार, ५
प्रोसेसर दोन कोअरचा. डिस्क धडधाकट. रॅम आठ जीबी.
आठ? घेतला तेव्हा चार होती. कमांड देऊन पुन्हा पाहिलं. दोन पट्ट्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. दुसरी कुणी बसवली? बाबा म्हणाले, आपण पेपरापलीकडे कशालाच हात लावत नाही. दादाला फोन केला. तो हसत सुटला: तुझ्या पहाऱ्यात ती पेटी उघडायची कोणाची छाती आहे?

बुधवार, ६
आईला विचारलं नाही. तिला काय विचारायचं!

गुरुवार, ७
झाकण उघडलं. आत धूळच नाही. पंखा पुसलेला, वायरी बांधलेल्या — माझ्यापेक्षा नीट.
दुसरी पट्टी काढून पाहिली, परत बसवली. कॉम्प्युटर सुरू होईना. तीनदा प्रयत्न केला. बाबांनी विचारलं, भंगारवाल्याला आजच बोलावू का, इंजिनिअरबाई?
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "डावीकडचा खटका ढिला आहे. टक् आवाज येईपर्यंत अंगठ्याने दाब."
दाबला. टक्. सुरू.
बाबांचा पेपर खाली आला.
दीड वर्ष दुपारी ती शिवणवर्गाला नाही, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या वर्गाला जात होती. तरीच घरात एक अभ्रासुद्धा शिवून झाला नाही! वीस तारखेला प्रात्यक्षिक परीक्षा, आणि सरावाला हेच एक यंत्र. तरी भंगाराचं ऐकून गप्प बसली. मी म्हटलं, सांगायचं तरी.
"अकरा वर्षं म्हणतेस, 'आई, तू हात लावू नकोस.' मग कोणत्या तोंडाने सांगू?"
रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ८
अहवाल दिला: यंत्र ठेवावे. कारण: वापरात आहे. बाबांनी मुकाट्याने सही केली.

शनिवार, ९
भंगारवाल्याला जुनी इस्त्री देऊन वाटेला लावलं.

गुरुवार, २१
आई पहिली आली. नव्या तुकडीला सुरुवातीचे धडे तीच देणार आहे.
मी नाव नोंदवून आले.