फवारणीविना हिरवा गुलाब

अहो,

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते.

तुम्ही तयार केलेल्या गुलाबाची आज शेवटची तपासणी झाली. इथे, गुलाबांच्या चाचणी-बागेत, औषधफवारणीला सक्त मनाई. रोग पडला तर पडू देतात. शेजारची झाडं काळ्या ठिपक्यांनी पार बोडकी झालीत, आपलं मात्र हिरवंगार आहे. परीक्षकबाईंनी पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "चोरून औषध मारलंत का?"

"मारलं असतं तर नवऱ्याने घरात घेतलं नसतं," मी म्हटलं. त्या हसल्या. रोगाला दाद न देणाऱ्या जातीच्या प्रमाणपत्राचं उद्या ठरेल, पण लक्षणं चांगली आहेत.

खोकला कसा आहे? सूनबाई फोनवर "बरा आहे" म्हणते, पण फार घाईने म्हणते. बिनऔषधाची परीक्षा गुलाबाची आहे, तुमची नाही. गोळ्या घ्या. आल्यावर झाडाचं नाव विचारीन, ते न खोकता, खणखणीत आवाजात सांगायचं.

तुमची,
हेडमास्तरीण