बुशला फुटलेला घाम

आबा, कढई मी नेली नव्हती, तुम्ही नेली होती. आई अजून माझंच नाव घेते. दोंडाईचाहून आलेली तिची माहेरची लोखंडी कढई. तिच्यात गाडीचं तेल तापवलं तुम्ही आणि कानाखाली बसली मला. तुम्ही खुशाल मोरीत हात धुवायला निघून गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा राग माझ्या डोक्यात होताच. या महिन्यात तो उतरला. कसा, ते सांगतो.

इथे दुबईला गॅरेजमध्ये मी गाड्या धुतो. एका इथल्याच तरुण माणसाची लाल स्पोर्टस् कार आली. दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी, आणि गिअर आपोआप बदलणारी. अशा गाड्या निघाल्यात असं आपल्या आग्रा रोडच्या टपरीवर कुणी सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणाले होते, "मंग डायवर काय करस, झोपस?" आबा, या मालकाचंही तेच म्हणणं. त्याला गिअर स्वतःच्या हाताने टाकायचे होते. ठोकलेली तशीच दुसरी गाडी आणून तिचा गिअरबॉक्स, क्लच, पेडल सगळं हिच्यात बसवायचं ठरलं. मी फोरमनला म्हटलं, माझ्या बापाने जन्मभर ट्रकचे गिअरबॉक्स खोलले, मला घ्या. तो पेशावरकडचा, हसला. म्हणाला, घेतो, पण क्लच दाबल्यावर गाडी चिरकली तर पुन्हा धुलाईचा पाइप तुझ्या हातात, कायमचा.

जुना गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी नुसता बघत राहिलो. आत सरबतासारखं लाल तेल आणि मुंग्यांच्या वारुळात असतात तशा वाटाच वाटा. कधी कुठला गिअर टाकायचा हे ते तेल ठरवतं म्हणे. मला बठ्ठं काही समजलं नाही, पण हात जोडावेसे वाटले. मग इंजिनाच्या मागच्या टोकाला पाहिलं तर मधला खड्डा रिकामा. हाताच्या गिअरला तिथे अंगठीएवढा बुश लागतो, शाफ्टचं नाक त्यात टेकतं. आपोआपवालीला तो लागतच नाही. नवा बुश आणला, तो कोरडा, तसाच बसवला तर क्लच दाबल्यावर चिरकणारा. फोरमन म्हणाला, ग्रीस लाव आणि ठोक. मी नाही म्हटलं. का, ते मला धड सांगता येईना, पण डोळ्यांपुढे आपली चूल आली.

तुम्ही उकिडवे बसलेत. कढईत तेल, तेलात बुश, आणि त्यातून भजी तळावी तसे बारीक बुडबुडे निघताहेत. तो निवल्यावर तुम्ही त्याच्या पोटात तेल भरता, दोन्ही तोंडं अंगठ्याने आणि बोटाने बंद करून जोरात दाबता. बाहेरून सगळ्या अंगावर तेलाचे थेंब उभे राहतात. "देख," तुम्ही हळूच म्हणता, "येले घाम इ राह्यना." मी हात लावून बघतो. कुठे भोक नाही, चीर नाही. घट्ट धातू, आणि घामाने ओला. तेवढ्यात आई दारात.

"हाई भाजीनी कढई शे, तुमना गॅरेजनी नई."

आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवता.

इथेही मी तसंच केलं. घाम फुटला, आबा. फोरमनने माझ्या हातातून बुश घेतला, स्वतः दाबून पाहिला, अंगठा तेलाने ओला झाला तो किती वेळ बघत बसला. ग्रीसचा डबा त्याने झाकून ठेवला. दोन दिवसांनी मालक गाडीत बसला, क्लच दाबून पहिला टाकला. आम्ही दोघे वाकून कान लावून. काही नाही, नुसतं इंजिन. गाडी निघाली, आवाज चढला, दुसरा पडला, पुन्हा चढला, तिसरा पडला. वळणापर्यंत आम्ही ऐकत उभे होतो. मग फोरमनने माझा पाइप उचलला आणि दुसऱ्याच्या हातात दिला.

हा कागद आईच्या पाकिटात घालणार होतो. पण तिला पत्र शेजारचे मास्तर वाचून दाखवतात, ओट्यावर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तुमची कढई बाहेर पडेल. माझीही पडेल, कारण खोलीवरच्या कढईला गाडीच्या तेलाचा वास कसा आला असं सोबतच्यांनी विचारल्यावर मी शेजारच्या खाटेवरच्याकडे बोट दाखवलं. म्हणून कागद माझ्याजवळच राहू द्या. आईला फक्त ड्राफ्ट जाईल. दर महिन्याचे दोन हजार, आणि कढईचे वरचे दीडशे.