आठवतं, पण घेत नाही

तीर्थपुरी, सोमवार

श्री. वसंतराव यांसी, राधेश्यामचा नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? जमीन मोजणीचं मशीन खांद्यावर घेऊन ढेकळांतून फिरणाऱ्या माणसाला मुळात कंबर असायलाच नको. वहिनींना नमस्कार सांगा. त्यांचं लोणचं पोचलं आणि संपलंही (मी नाही संपवलं, भीती वाटली की लोणचं खायचं, अशी सवय तुमच्या बहिणीने लावून घेतली आहे, आणि हल्ली तिला रोजच भीती वाटते). फोन करायचा सोडून पत्र लिहितो आहे, कारण फोनवर ही समोर बसून ऐकते आणि मला जे विचारायचं आहे ते हिच्यासमोर विचारता येत नाही. पण ते नंतर. आधी डोक्याचं सांगतो.

माझी फिट तुम्ही पाहिलेली आहे. मी पडत नाही, हातपाय झाडत नाही. नुसता थांबतो, तोंडाने काहीतरी चघळतो, डाव्या हाताने शर्टाची गुंडी चाचपतो आणि थोड्या वेळाने परत येतो. दुसऱ्या एखाद्याचं एवढ्यावर निभावलं असतं, पण मोसंबीचा लिलाव पुकारणाऱ्याचं निभावत नाही. गेल्या बहराला भुजंग नावाच्या शेतकऱ्याच्या ढिगावर ‘एक वार, दोन वार’ म्हणून मी जो थांबलो तो थांबलोच. व्यापाऱ्यांना वाटलं, राधेश्याम भाव चढायची वाट बघून राह्यला. एकाने चढवला, म्हणून दुसऱ्याने चढवला. मी भानावर आलो तेव्हा ढीग कधी नव्हे त्या भावाला गेला होता आणि भुजंग माझ्यासाठी चहा घेऊन उभा होता. तेव्हापासून शेतकरी माझ्याकडे फार आशेने बघतात. परवा भुजंगने सरळ विचारलं, "राधेश्यामभाऊ, ते ऑपरेशन बहर झाल्यावर केलं तर जमणार न्हाई का?"

त्याला हसण्यावारी नेलं, पण वसंतराव, मागच्या महिन्यात मी असाच विहिरीच्या कठड्याशी थांबलो होतो. हिने मागून येऊन दंडाला धरलं म्हणून हे पत्र लिहितो आहे. हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल. मलाही तिने ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही लोणचं खात.

दोन-तीन तऱ्हेच्या गोळ्या करून झाल्या, उपयोग शून्य. मग पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता जागा काढून टाकायची, पण त्याआधी जागा नक्की करायची. त्यासाठी माझ्या डोक्याचे इतके नकाशे काढले की तुमच्या खात्याने अख्ख्या तालुक्याचे काढले नसतील. एका नकाशात डाव्या कानाच्या आतल्या अंगाला एक सुकलेला डाग दिसला. दुसऱ्यासाठी साखरेचं औषध टोचलं आणि मेंदूचा कोणता भाग साखर कमी खातो ते पाहिलं (सगळा मेंदू जेवतो आणि एक कोपरा रुसून बसतो, असं काहीसं). मग डोक्याला तारा चिकटवून, गोळ्या कमी करून, फिटची वाट बघत बसवलं. भर बाजारात न बोलावता येणारी फिट तिथे येता येईना. सगळे पाहुण्याची वाट बघावी तसे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. शेवटी आली एकदाची. मला अर्थात काही आठवत नाही. आणि अखेरच्या मशीनमध्ये निजवून म्हणाले, मनातल्या मनात शब्द म्हणा. मला दुसरं काय सुचणार, मी लिलाव पुकारला. बोलण्याची जागा एवढी झकास उजळलेली म्हणे त्यांनी क्वचितच पाहिली होती.

आता हे सगळे नकाशे कंप्युटरवर एकावर एक बसवतात. हे ऐकूनच मला घाम फुटला, कारण अंबडच्या कोर्टात माणसं म्हातारी होतात ती जमिनीचे दोन नकाशे एकमेकांवर बसत नाहीत म्हणूनच. पण इथे बसले. डाग, रुसलेला कोपरा, फिटचा उगम, सगळं एका ठिकाणी. फक्त बोलण्याची जागा अगदी शेजारी; मध्ये बांध आहे, पण अरुंद. बाई म्हणाल्या, बोलणं जाणार नाही. मात्र नावं अडखळू शकतील, माणसांची, वस्तूंची. बहुतेकांची परत येतात. मी विचारलं, आणि बाकीच्यांची? त्यांनी खरं ते सांगितलं. त्या दिवसापासून मी दिसेल त्या वस्तूचं नाव घेत घरात फिरतो आहे. झारा, उलथनं, पाटा.

घोटाळा झाला तो पुढे. नावं किती पक्की आहेत हे आधी तपासून ठेवतात, म्हणजे नंतर ताडून बघता येतं. सुमेधा नावाची एक हुशार पोरगी चित्रं दाखवत होती. छत्री, कुलूप, विंचू, मी धडाधड सांगितली. मग गप्पांच्या ओघात तिने विचारलं, बायकोचं नाव काय? मी म्हणालो, घरची मंडळी. ती म्हणाली, नाव? मी म्हणालो, आमच्या माऊलीची आई. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तुम्ही आपले लोक आहात, तुम्हाला समजेल. तिने लिहिलं, जवळच्या माणसाचं नाव आठवत नाही.

झालं. सगळ्या डॉक्टरांची बैठक बसली, नकाशे जुळत होते आणि मी जुळत नव्हतो. पुन्हा बोलावणं आलं. मी बाईंना सांगितलं, आठवतं, पण घेत नाही. त्या म्हणाल्या, मग आता घ्या. शेजारी ही बसलेली, डोळे जमिनीला. माझ्या तोंडून शब्द निघेना. बाजारात मैलभर ऐकू जाणारा माणूस मी. शेवटी कागद मागून लिहून दिलं: शालू. त्यांनी आधार कार्ड पाहिलं, तिथे प्रियदर्शनी. म्हणजे तेही चूक. शालू माहेरचं, आणि कार्डावरचं ते लग्नात आमच्या वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव. अंगठीने ताटातल्या तांदळात लिहिताना मला जागा पुरली नव्हती आणि उखाण्यात तर ते बसलंच नाही. मग हिनेच वर बघून सांगितलं, "दोन्ही माझीच हायेत." बाई हसल्या आणि तारीख दिली. पुढच्या आठवड्यात गुरुवारी भरती, शुक्रवारी ऑपरेशन. अट एकच: भरती होताना मी नाव तोंडाने घ्यायचं, आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा.

मला भीती वाटते, वसंतराव. कापण्याची नाही. ती समोर उभी असेल, मी तोंड उघडीन आणि तिथे काही नसेल, याची.

बाकी सर्व ठीक. माया आहेच, तिची मोजणी नको.

तुमचा,
राधेश्याम

ता. क. : विचारायचं होतं ते हे. तिला स्वतःला कोणतं नाव आवडतं, माहेरचं का लग्नातलं? इतक्या वर्षांत मी विचारलं नाही आणि आता विचारायला तोंड नाही. तुम्ही भाऊ आहात, सहज काढून घ्या. आयुष्यात एकदा घ्यायचं तर चुकीचं नको.

दुसरा ता. क. : हे पत्र तिला बिलकुल कळता कामा नये.

दादा, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. तू ऑपरेशनच्या शुक्रवारी पुण्याला ये. त्यांना काही कळवू नको. फिटमधून परत येताना ते दर टायमाला पहिला शब्द "शालू" म्हणतात. पुण्यात तारा लावलेल्या होत्या तेव्हाबी म्हणले. त्यांना ठाऊक न्हाई आणि मी आजवर सांगितलं न्हाई, सांगितलं तर लाजून बंद करतील म्हणून. आता फिट जाईल. जाऊ दे. लोणचं आण.