ओढ्याच्या पाण्याचा दाखला

वसतिगृह, ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू विणलेला स्वेटर बसला. बाह्या तेवढ्या दोन माणसांना पुरतील. कॉलेजमागच्या ओढ्याचं तुला ठाऊक आहेच. मशिदीत, चर्चमध्ये आणि देवळात जाणारे आम्ही वीस जण वर्षभर तो साफ करतोय. देवाने दिलेलं पाणी आपणच राखायचं, एवढ्यावर एकमत. बाकी वाद रोजचे.

आता काठावर एकत्र प्रार्थना ठरली आहे. ज्याने त्याने आपल्या रीतीने ओढ्याचं पाणी घ्यायचं. माझी रूममेट तर प्रार्थनेआधी चूळही भरते. म्हणून आधी खात्री हवी. बर्फात ठेवलेली बाटली बसच्या कंडक्टरकडे दिली आहे. शहराचं पाणी तपासणारी आत्या घरात असताना आणखी कुणाला विचारू?

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी चिमणी


९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

बाटली पोचली. पाणी पाहिलं, काळजीचं कारण नाही. खुशाल प्रार्थना करा. छापील अहवाल मात्र मागू नकोस, साहेबांची सही मिळायला फार दिवस लागतात. ते हल्ली फार चिडचिड करतात.

अभ्यास चालू आहे ना, की ओढ्यातच पदवी घेणार आहेस? बाह्या उसवून पाठव, नीट करून देते.

माया आहे तशीच ठेव.
आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

प्रार्थना झाली. साठ माणसं आली होती. तिसऱ्या दिवसापासून अकरा जण आजारी पडले. रूममेट आठ दिवस इस्पितळात होती, सलाइनवर. तिचे वडील तिला घरी घेऊन गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

आता तिन्हीकडची मोठी माणसं एकच सांगताहेत, की देवांची सरमिसळ केलीत, त्याचं हे फळ. गटातले निम्मे यायचे बंद झाले. मी सगळ्यांना सांगत होते, माझ्या आत्याने पाणी तपासलंय.

रसायनशास्त्राच्या सरांनी नंतर ओढा तपासला. पाण्यात मैला आहे, आणि तो आजकालचा नाही, कित्येक महिन्यांचा आहे, असं ते म्हणाले. तू खरंच तपासलं होतंस का? चूळ भरण्याचं मी तुला लिहिलं होतं.

उत्तर लवकर पाठव.
चिमणी


७ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तपासलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा वाईटच निघालं. वरच्या अंगाला आमच्याच खात्याचा पंप बंद पडलाय, मैलापाणी तसंच ओढ्यात सोडतात. दुरुस्ती होईपर्यंत कागद कपाटात राहू दे, असं साहेब म्हणाले. मी राहू दिला.

नुसतं जाऊ नका एवढं तरी तुला कळवायला हवं होतं. तसं लिहायला घेतलंही. पण तू कारण विचारशील आणि ते कळल्यावर गप्प बसणार नाहीस, याची मला भीती वाटली. मुलं बोटं बुडवतील आणि निघून जातील, अशी मनाची समजूत घातली. चूळ भरण्याची ओळ मी वाचली होती.

सोबत खरा अहवाल आहे, तारखेसकट, माझ्या सहीचा. हवा तिथे दाखव.

तुला काय मागू, कळत नाही.
आत्या


२० मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

अहवाल तिन्ही ठिकाणी वाचून दाखवला. देवळात एका आजोबांनी विचारलं, सही करणारी बाई विश्वासाची आहे का. मी म्हटलं, ती माझी सख्खी आत्या आहे आणि तिला सगळं आधीपासून माहीत होतं. तिन्हीकडच्यांनी मिळून तुमच्या खात्याला एकच अर्ज दिला. परवा पंप सुरू झाला.

तुझी बदली झाल्याचं बाबांनी कळवलं. वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं तेवढं नाही. तू चुकलीस म्हणून एवढं लागत नाही. मला ओळखूनच तू मला फसवलंस, ते लागतं.

सुट्टीत घरी येणार नाही. रूममेटकडे जातेय. तिच्या वडिलांनी माझं पत्र न उघडता परत पाठवलं, तरी जातेय. त्यांच्यासमोर बसून तुझं पत्र वाचून दाखवेन, आपलं नातं आधी सांगेन. उठवलं तर उठेन.

लोभाचं सध्या काही लिहीत नाही. तब्येत सांभाळ.
तुझी भाची