कुट्टीला कुंकू

१८ ऑगस्ट, सोमवार

झालं! सर हो म्हणाले! आपल्या ई-पुस्तिकेत व्हिडिओ घालायचे!

वर्षभर मी कडबा कुट्टी मशीनची माहितीपुस्तिका लिहितेय आणि मशीन घेणारा एकही माणूस ती वाचत नाही. मशीनवर क्यूआर कोडचं स्टिकर आहे, मोबाईल धरला की पुस्तिका उघडते. तरी माणसं सरळ फोन करतात. हेल्पलाइनवर अनिताताई दिवसभर एकच ऐकतात — "ताई, मशीन लई हादरतीय!" आणि एकच सांगतात — बोल्ट आवळा. अहो, पान चारवर ठळक अक्षरात लिहिलंय की!

मी ज्ञानेश सरांना म्हटलं, वाचत नाहीत ना, मग दाखवू. सर म्हणाले, "कर. पण खऱ्या गोठ्यात कर. कारखान्यातल्या रंगवलेल्या भिंतीपुढे नको."

खरा गोठा म्हणजे आमचाच. न्हावऱ्याचा. आणि आमच्या गोठ्यात कुट्टी न्यायची तर आबांना विचारायला हवं. माझा सगळा उत्साह तिथेच बसला.

१९ ऑगस्ट

नाही विचारलं.

२० ऑगस्ट

इथे तरी सरळ लिहावं. मी कॉलेजात असताना कुट्टीने आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली — करंगळी आणि तिच्या शेजारचं. शेजाऱ्यांची जुनी मशीन. बोल्ट ढिले, थडथड हलत होती. बंद करायची सोडून आबा ती हाताने दाबून धरायला गेले, आणि हात घसरला. तेव्हापासून उजवा हात सदऱ्याच्या खिशात. लग्नात अक्षताही डाव्या हाताने टाकतात. घरात कुट्टी नाही, आई वैरण कोयत्याने तोडते.

आणि मला नोकरी लागली ती नेमकी चौफुल्याजवळच्या कुट्टीच्या कारखान्यात! आबा म्हणाले, "बरं." बस्स. रोज गाडीवरून स्टँडवर सोडतात, एसटी येईपर्यंत थांबतात, पण आज काय केलंस म्हणून कधी विचारत नाहीत. मला दुसरं काही नको. एकदा माझं काम बघावं आणि काहीतरी बोलावं. रागवावं, तेही चालेल!

आज विचारलं एकदाचं. आबांनी आधी आईकडे बघितलं, मग गाईकडे. म्हणाले, "आन मशीन. मी त्या दिशी रानात आसंन."

२५ ऑगस्ट, सोमवार

काय दिवस होता! टेम्पोतून मशीन उतरली. मी मोबाईल स्टँडला लावला, आईला सगळं नीट समजावलं — आधी मशीन बसवायची, मग बोल्ट, मग वायर, मग वैरण. आई "व्हय, व्हय" म्हणाली आणि आत गेली. आली ती हळदीकुंकवाचं ताट, नारळ आणि अगरबत्ती घेऊन!

"आई, हे व्हिडिओत नाही."

"नवं लोखंड दारात आलंय. तसंच चालू करत्यात व्हय?"

आमच्या मातोश्री सोजराबाईंपुढे कोणाचं चाललंय! मशीनला पाणी शिंपडलं, पुसली, कुंकू लावलं. एवढ्यावर थांबेल असं वाटलं होतं. पण नाही, चारी पायांच्या बोल्टना एकेक टिकली! दुसऱ्या बोल्टला बोट टेकवलं आणि म्हणाली, "ह्यो तर हालतोय गं!" मी पाना दिला. तिने आवळला, पुन्हा कुंकू लावलं, पुढचा हलवून बघितला. शेवटी वैरण घालायच्या तोंडाला कुंकू लावताना हात जोडले, "लई खाल्लंस. आता निस्ता कडबा खा."

ते ऐकून मोबाईलमागे मला रडूही आलं आणि हसूही.

आबा दिवसभर रानात.

२८ ऑगस्ट

व्हिडिओ कापायला बसले. पूजा काढायची म्हटलं तर बोल्ट जातात! कुंकू आणि पाना एकाच हातात. कुठे कात्री लावू? राहू दे तसंच. पान चारला चिकटवून टाकला.

आता सगळ्या पानांना व्हिडिओ आहे, फक्त पान नऊ सोडून. पान नऊ म्हणजे 'सुरक्षितता : चालू मशीनमध्ये हात घालू नये'. त्याचा व्हिडिओ काय काढणार, कपाळ!

८ सप्टेंबर, सोमवार

हेल्पलाइन पेटली! अनिताताईंनी मला शेजारी बसवून फोन ऐकवले.

"नारळ मशीनवरच फोडायचा का उंबऱ्यावर? मोटारीत पाणी जाईल का?"

"आमच्यात लिंबू बांधत्यात. तुमच्या पुस्तिकेत लिंबू न्हाई, मग चालंल का?"

आणि सगळ्यात कहर — "नारळ नासका निघाला. मशीन बदलून द्या!"

हसून हसून पोट दुखलं. मग सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "राजनंदिनी, ही माहितीपुस्तिका आहे की सत्यनारायणाची पोथी? आठवड्यात काढ ते. नवीन शूट पुण्याच्या एजन्सीकडून करून घेऊ."

हसू मावळलं.

११ सप्टेंबर

घरी सांगितलं. आईचं एकच, "नारळाचं पानी पुढं सांडलं तवा मोटार बंद व्हती म्हनावं त्यांना." आबा भाकरी मोडत होते. मोडतच राहिले. पण जेवण झाल्यावर आईने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. आबांनी बघितला! माझा व्हिडिओ! बोल्टपर्यंत बघितला, मग उठून गोठ्यात गेले. एक शब्द नाही. मी ताटं घासली. लागलंच मनाला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज पेन नुसतं पळतंय. आनंदाने!

आठवडा संपला. सर मला केबिनमध्ये 'काढलास का व्हिडिओ?' विचारणार तेवढ्यात अनिताताई आत शिरल्या. म्हणाल्या, "सर, नारळाचे फोन येत्यात, पण हादरायचे बंद झाले!" नव्या मशीनचे म्हणजे जवळजवळ बंदच! सरांचा विश्वास बसेना. मग त्यांनी भांडगावच्या एका गिऱ्हाइकाला स्पीकरवर फोन लावला. ते म्हणाले, "मंडळींनी कुंकवाला बोट टेकिवलं तर बोल्ट गरागरा फिरला की ओ! मग आवळला."

सर खो खो हसायला लागले. म्हणाले, "लिही आता पान चारवर. पायरी पहिली : मेन स्विच बंद. पायरी दुसरी : पूजा करणार असाल तर प्रत्येक बोल्टला कुंकू." नारळ मशीनपासून लांब फोडा, अशी टीपही टाकायची आहे.

एजन्सी रद्द! मी पेढे घेऊनच एसटीत बसले.

स्टँडवर आबांना पेढा दिला. डाव्या हाताने घेतला, खाल्ला. "ग्वाड हाय." पेढ्याबद्दल बोलले की बातमीबद्दल, काय माहीत!

२२ सप्टेंबर

आईबरोबर तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात. मेथीवाली टक लावून बघत होती. "तुम्ही कुट्टीवाल्या मावशी नव्हं का?" आईने पदर सारखा केला. नंतर घरापर्यंत वाटेत जो भेटेल त्याला तेच सांगत आली. मेथी फुकट मिळाली, हेही.

३० सप्टेंबर

उद्या खंडेनवमी. आबांनी कोयते, खुरपी, फवारणीचा पंप धुऊन मांडलंय सगळं. दरवर्षी मांडतात तेच, पण कुंकू आई लावते. कुंकवाचं बोटच गेलंय ना त्यांचं.

कंपनीने ती कुट्टी आमच्याकडेच ठेवलीय. आबा अजून तिच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी आई ताट घेऊन निघाली, तर आबांनी ते तिच्या हातातून घेतलं. खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि मधल्या बोटाने कुट्टीच्या बोल्टना कुंकू लावलं. एकेक हलवून बघत. मग मशीनच्या तोंडासमोर तो हात उघडा धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंदे, मोबाईल आन. त्ये नऊ नंबरचं पान रिकामं हाय न्हवं? मी वाचलंय समदं पुस्तक."