आठवी पाटी

पनवेल, २८ मे १९९५

प्रिय दादा,

बुधवारी माझी नोकरी संपते. कागदावर मी साठ वर्षांची, खरी सत्तावन्न. मागच्या रविवारी तू करंजा बंदरावरून आलास आणि मान खाली घालून म्हणालास, "गोदा, तुजी तीन वर्सं मी खाल्ली."

खाल्ली कशी? हे गेले तेव्हा मी सतराची होते. त्यांच्या जागी शाळेत मला शिपाई म्हणून घ्यावं, यासाठी तू हेडमास्तरांना ठणकावून सांगितलंस, "वीस वर्सांची हाय. हाडानं बारीक हाय, इतकंच." त्या खोट्यावर मी चाळीस वर्षं घंटा वाजवली आणि पहिलीच्या वर्गाबाहेर स्टुलावर बसून वाचायला शिकले.

त्यांची टोपी अजून खुंटीवर आहे. ती तिथेच राहील. मी मात्र तिच्याखाली बसून राहणार नाही. सोमवारपासून दुपारी आळीतल्या सात बायकांना अक्षरं शिकवणार आहे. पाट्या आठ आणल्यात.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुला वाचता येत नाही, आणि तुझ्या सुनेनं वाचलं तर माझं वय बंदरभर होईल. गुरुवारी मीच येऊन वाचून दाखवते. येताना आठवी पाटी आणते. ती तुझी.

तुझी धाकटी बहीण,
गोदा